चांदीचा करंडा आणि पायाशी त्याचं प्रतिबिंब: घरच्या टेबलावर काढायचा फोटो

आज आपण हळदी-कुंकवाच्या चांदीच्या करंड्याचा फोटो काढणार आहोत. मागे काळाभोर अंधार, मध्ये झळकणारा करंडा आणि त्याच्या पायाशी त्याचंच उलटं, स्वच्छ प्रतिबिंब. स्टुडिओ लागत नाही. फोन किंवा साधा कॅमेरा, एक टेबल लॅम्प आणि एक मोठं खोकं एवढ्यावर काम होतं. मी सांगते त्याच क्रमानं चला, पायऱ्या पुढंमागं करू नका.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. चकचकीत चांदी स्वतःचं असं फारसं काही दाखवत नाही, समोर जे असेल तेच दाखवते. त्यामुळे करंडा मांडायला दोन मिनिटं लागतील, आणि बाकीचा सगळा वेळ त्याच्या भोवती काय असावं हे ठरवण्यात जाईल. तो वेळ मनापासून द्या, फोटो तिथेच घडतो.

साहित्य गोळा करूया. चमकदार काळ्या ॲक्रेलिकचा बारा बाय अठरा इंचांचा, ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा. नेमप्लेट आणि पाट्या बनवणाऱ्यांकडे असे उरलेले तुकडे मिळतात. मॅट नको, चमकदारच मागा. साधा आरसा वापरायचा मोह टाळा, कारण आरशाच्या काचेचा वरचा पृष्ठभाग आणि मागचा मुलामा दोन्ही प्रतिबिंब देतात आणि करंड्याच्या पायाशी दुहेरी कडा दिसते. साध्या काचेखाली काळा कागद घातला तरी तोच त्रास.

शिवाय साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-उंच पुठ्ठ्याचं खोकं, शुभ्र ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर (पिवळसर नको, चांदी पिवळी पडेल), पांढरी कार्डशीट चार-पाच, काळं कार्डशीट एक, अर्धा-पाऊण मीटर काळं मखमल किंवा जाड सुती कापड (सॅटिन नको, ते चमकतं), टेबल लॅम्प, ९ वॅटचा एलईडी बल्ब, कटर, चिकटपट्टी, छोटा ट्रायपॉड, मायक्रोफायबरची दोन फडकी आणि हवा मारायचा रबरी ब्लोअर. सगळं हाताशी आलं? अंधार पडू द्या, मग सुरू करू. दिवसा खिडकीचा उजेड सतत बदलतो आणि त्याच्यामागे धावण्यात संध्याकाळ होते.

आधी खोकं

१. खोकं आडवं करा, म्हणजे उघडं तोंड तुमच्याकडे येईल. तोंडाच्या झडपा कापून टाका. लोंबत राहिल्या तर करंड्यात तपकिरी पट्टे दिसतील.

२. वरच्या बाजूला, म्हणजे छताला, मोठा चौकोन कापा. कडेनं चार बोटं पुठ्ठा ठेवा, नाहीतर खोकं ढिलं पडतं.

३. त्या चौकोनावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. सुरकुती राहिली तर ती करंड्याच्या झाकणावर जशीच्या तशी उमटते, म्हणून घाई न करता एकेक बाजू ओढून लावा.

४. पाठीमागच्या भिंतीत, तळाला टेकून, २० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच खिडकी कापा. अख्खी भिंत कापू नका! हा मोह सगळ्यांना होतो. पण करंड्याच्या अगदी कडांना मागची भिंतच दिसत असते. ती सगळी काळी झाली तर कडा अंधारात विरघळतात आणि करंड्याचा आकारच हरवतो. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उरलेली भिंत या कडांना उजळ ठेवते.

५. आतल्या तिन्ही भिंतींना पांढरं कार्डशीट लावा. चिकटपट्टी कार्डशीटच्या मागे लावा. पुढून लावलेल्या चमकत्या पट्टीची रेघ चांदी टिपते.

आता जमीन आणि अंधार

६. ॲक्रेलिक खोक्यात ठेवा, लांब बाजू पुढून मागे जाईल अशी. मागची कड खिडकीला टेकवा. वरची संरक्षक फिल्म आत्ता काढू नका, ती अजून बराच वेळ तशीच राहू दे.

७. काळं कापड खिडकीच्या मागे ३०-४० सेंटिमीटरवर उभं टांगा. खुर्चीची पाठ चालते. खिडकीला खेटून टांगलं तर खोक्यातला उजेड त्यावर पडतो आणि काळ्याचं राखाडी होतं.

८. कापडाचं खालचं टोक टेबलावरून पुढे आणा आणि ॲक्रेलिकच्या मागच्या कडेवर बोटभर चढवा. ही कड उघडी राहिली तर फोटोत करंड्याच्या मागून एक पांढरी रेघ आडवी जाते. आणखी एक: काळं ॲक्रेलिक काळं दिसतं ते मागे काळं कापड आहे म्हणून. ते काढून पांढरी भिंत ठेवली तर हीच जमीन पांढुरकी दिसेल.

उजेड

९. लॅम्पला एलईडी बल्ब लावा. जुना पिवळा तापणारा बल्ब कागदाजवळ अजिबात नको, कागद पेटू शकतो.

१०. लॅम्पची मान खोक्याच्या छताच्या वर, कागदापासून २०-३० सेंटिमीटरवर आणा. जास्त जवळ आणला तर कागदावर एकच तेजस्वी गोळा दिसतो, आणि झाकणावरही तोच गोळा बसतो. दूर नेलात की उजेड कागदभर पसरतो. वरखाली करून बघा, फरक लगेच कळेल.

११. खोलीतले बाकीचे सगळे दिवे बंद करा. ट्यूब एका रंगाची आणि बल्ब दुसऱ्या रंगाचा असेल तर करंड्याची एक बाजू निळी आणि एक पिवळी येते. ते नंतर नीट करता करता जीव जातो.

१२. पंखाही बंद करा. कापड आणि छताचा कागद हलला की चांदीतली चमक हलते, आणि धूळ उडते ती वेगळीच.

करंडा तयार करा

१३. करंड्यातलं हळदकुंकू काढून ठेवा आणि हे काम दुसऱ्या खोलीत करा. कुंकवाचा एक कण काळ्या ॲक्रेलिकवर पडला की फोटोत आधी तोच दिसतो.

१४. करंडा कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ कापडानं धुवा. रांगोळीनं किंवा दंतमंजनानं घासू नका. रोजच्या वापरात ते बारीक चरे जाणवत नाहीत, पण जवळून काढलेल्या फोटोत झाकणभर जाळं दिसतं. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा मात्र राहू द्या. त्यामुळेच वेलबुट्टी उठून दिसते, आणि जुन्या चांदीचं ते सौंदर्य आहे असं मला मनापासून वाटतं.

१५. मऊ कापडानं पूर्ण कोरडा करा. झाकण काढून आतली कडही पुसा. तिथे राहिलेला थेंब ऐन फोटोच्या वेळी खाली ओघळतो.

१६. इथून पुढे करंडा फक्त फडक्यातून धरा. बोटाचा एक ठसा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून पुसणं.

फोन किंवा कॅमेरा बसवा

१७. आधी करंड्याची जागा ठरवूया. ॲक्रेलिकच्या पुढच्या कडेपासून २५ सेंटिमीटर आत, बरोबर मध्ये एखादी छोटी वाटी ठेवा. फिल्म अजून वरच आहे, त्यामुळे बिनधास्त सरकवा. ‘एवढी मागे का?’ असं वाटेल. पण प्रतिबिंब पूर्ण दिसायला वस्तूच्या पुढे भरपूर चमकती जमीन लागते. वस्तू पुढच्या कडेशी ठेवली तर प्रतिबिंबाचं डोकंच कापलं जातं.

१८. फोन वाटीपासून ४०-४५ सेंटिमीटर दूर, ट्रायपॉडवर लावा आणि दुप्पट झूमची लेन्स निवडा. फोन अगदी जवळ नेऊन मॅक्रो वापरू नका. जवळ गेलात की फोन स्वतःच करंड्याच्या पोटात भलामोठा दिसतो आणि गोल झाकण विचित्र फुगतं. काही फोन जवळची वस्तू दिसली की आपणहून मॅक्रोवर जातात. तसं असेल तर ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. कॅमेरा असेल तर ८५ किंवा १०० मिलिमीटरची लेन्स उत्तम. मग थोडं आणखी मागे सरका.

१९. लेन्स ॲक्रेलिकपासून ८ ते १० सेंटिमीटर उंचीवर आणा. इथे थोडा वेळ रेंगाळा, प्रतिबिंब किती ठळक यावं हे हीच पायरी ठरवते. डोळा लेन्सच्या जागी नेऊन हळूहळू वर-खाली करून बघा. वरून पाहिलं तर जमीन नुसती काळी दिसते आणि प्रतिबिंब फिकं. खाली येत गेलात की ते उजळत जातं. फार खाली, अगदी जमिनीला टेकलात, तर झाकणाचा वरचा भाग दिसेनासा होतो. दोन्हीच्या मधली जागा तुमची तुम्हाला सापडेल. फोनची लेन्स वरच्या टोकाला असते, त्यामुळे फोन उलटा धरून लावला तर ती सहज खाली येते.

२०. फ्रेम उभी ठेवा आणि तिच्यात वाटी, तिचं पूर्ण प्रतिबिंब आणि भोवती थोडी मोकळी जागा घ्या. प्रतिबिंबासाठी फिल्मचा पुढचा कोपरा क्षणभर उचलून बघता येतं. दोन्ही बाजूंना खिडकीच्या पांढऱ्या कडा दिसल्या तरी काळजी नको, त्या शेवटी कापणार आहोत.

२१. पांढऱ्या कार्डशीटच्या मध्ये लेन्सएवढंच भोक पाडा आणि ते कार्ड लेन्ससमोर लावा. करंड्याच्या पोटात आता तुम्ही, तुमचा ट्रायपॉड आणि मागचं कपाट यांच्याऐवजी एक स्वच्छ पांढरा भाग आणि त्यात बारीक काळा ठिपका दिसेल. भोक मोठं झालं तर ठिपकाही मोठा होतो, म्हणून आधी छोटंच पाडा आणि लागलं तर वाढवा.

२२. ॲक्रेलिकच्या पुढे टेबलावर आणखी एक पांढरं कार्ड सपाट ठेवा. करंड्याच्या खालच्या अर्ध्या भागाला त्यातून उजेड मिळतो. कार्डाची पुढची कड उचलली तर ती फ्रेममध्ये घुसेल.

करंडा येतो

२३. फिल्म काढा, हळू. झटक्यात ओढली की ॲक्रेलिकवर स्थिर वीज तयार होते आणि खोलीतली धूळ त्यावर धावत येते.

२४. किंचित ओलसर मायक्रोफायबरनं एकदाच, एकाच दिशेनं पुसा. कोरड्यानं घासलं तर चरे पडतात आणि धूळ अधिक चिकटते. काच पुसायचा स्प्रे नको, त्यातल्या अमोनियानं किंवा अल्कोहोलनं ॲक्रेलिकला बारीक तडे जाऊ शकतात.

२५. करंडा फडक्यात धरून वाटीच्या जागी वरून अलगद टेकवा. सरकवू नका, पायाखाली ओरखडा उठेल. जागा चुकली तर उचला आणि परत ठेवा.

२६. करंडा फिरवून नक्षीची सगळ्यात छान बाजू समोर घ्या. हाही उचलूनच फिरवायचा. झाकणाचा गेंद सरळ उभा आहे ना, तेही याच वेळी बघा.

२७. टॉर्च किंवा दुसरा फोन घेऊन त्याचा उजेड ॲक्रेलिकवर तिरका पाडा आणि धुळीचे कण शोधा. दिसले की ब्लोअरनं उडवा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक तुषार उडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. इथे घालवलेली पाच मिनिटं पुढची अर्ध्या तासाची डागडुजी वाचवतात.

करंड्याला काय दिसतंय?

२८. लेन्सच्या जागेवरून करंड्याकडे नीट बघा. झाकण वर बघतंय, तिथे ट्रेसिंग पेपरचा मऊ उजेड. दोन्ही बाजू भिंतींकडे बघतायत, तिथे पांढरं. पोट तुमच्याकडे बघतंय, तिथे भोकाचं कार्ड. कुठे अनोळखी रंग दिसला तर त्याचा उगम शोधा: लाल शर्ट, बाटलीचं झाकण, चार्जरचा दिवा. करंड्याला दिसणारी प्रत्येक गोष्ट फोटोत येणार आहे.

२९. आता काळ्या कार्डशीटची दोन बोटं रुंद उभी पट्टी कापा आणि एकाच बाजूच्या भिंतीवर, थोडी पुढच्या अंगाला, लावा. ही माझी सगळ्यात आवडती पायरी. आतापर्यंत करंडा गुळगुळीत, सगळीकडून सारखाच पांढरा, जवळजवळ प्लॅस्टिकचा वाटत होता. काळी पट्टी लागताक्षणी त्याच्या गोलाईवर एक सडपातळ गडद रेघ उतरते आणि चांदी चांदीसारखी दिसायला लागते. पट्टी हातात धरून आधी पुढे-मागे सरकवून बघा, रेघ कुठे छान बसते ते ठरवा आणि मगच चिकटवा. दोन्ही बाजूंना पट्ट्या लावू नका. मागे आधीच काळं आहे, करंडा फार अंधारात जाईल. उजव्या बाजूची रेघ आवडली नाही तर डावीकडे लावून बघा, नक्षी कोणत्या बाजूला जास्त उठते त्यावर ठरेल.

फोटो

३०. कॅमेऱ्यावर फिरवायचा पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा. तो चमक मारतो, आणि ॲक्रेलिकमधलं जे प्रतिबिंब आपल्याला हवंय तेच फिकं करतो. फोन वापरत असाल तर थेट पुढच्या पायरीवर या.

३१. फ्लॅश आणि पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद करा. पोर्ट्रेट मोड वस्तूच्या कडा आणि प्रतिबिंब अंदाजानं धूसर करतो, आणि तो अंदाज चकचकीत वस्तूंवर हमखास चुकतो.

३२. करंड्याच्या पुढच्या नक्षीवर फोकस करा. फोनवर तिथे बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. प्रतिबिंबावर फोकस करू नका, नाहीतर खरा करंडा अस्पष्ट राहील. कॅमेऱ्यावर एफ ११ ठेवा, म्हणजे प्रतिबिंबही बऱ्यापैकी रेखीव येतं. आयएसओ १०० ठेवा. शटर लांबलं तरी हरकत नाही, ट्रायपॉड आहे.

३३. उजेड थोडा कमी करा. फोनवर उजेडाची पट्टी खाली ओढा, कॅमेऱ्यावर एक्स्पोजर उणे पाऊण ते उणे एक. फ्रेममध्ये काळं जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं खोली अंधारी आहे, आणि तो सगळंच उजळ करतो. मग झाकण पांढरंफटक होतं आणि त्यातली नक्षी परत मिळत नाही.

३४. व्हाइट बॅलन्स बल्बनुसार ठरवा. आपल्याकडच्या बल्बच्या खोक्यांवर बहुतेक ‘६५०० केल्विन’ किंवा ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं. प्रो मोड असेल तर तोच आकडा द्या. ऑटोवर सोडलं तर एकेका फोटोत चांदीचा रंग वेगळा येतो.

३५. २ किंवा ३ सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबा आणि हात टेबलावरून काढा. टेबलाला टेकून उभं राहिलात तरी फोटो हलतो.

३६. आलेला फोटो लगेच मोठा करून चार जागा तपासा: झाकणावरची सगळ्यात उजळ चमक, काळ्या पट्टीची रेघ, करंड्याचा पाय जिथे प्रतिबिंबाला भेटतो ती जागा आणि मागची आडवी कड. चूक दिसली तर फक्त एकच गोष्ट बदला आणि पुन्हा काढा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय सुधारलं ते कळत नाही.

३७. चमकेचं रूप आवडलं की उजेड किंचित कमी आणि किंचित जास्त ठेवून आणखी दोन फोटो काढा. फोनच्या पडद्यावर जे छान दिसतं ते कधीकधी मोठ्या पडद्यावर फार उजळ निघतं.

३८. निवडलेल्या फोटोची प्रत करा आणि तिच्यावरच काम करा. आधी खिडकीच्या कडा कापा. मग काळा थोडा गडद करा, म्हणजे कापडाची सुरकुती नाहीशी होईल. उरलेले धुळीचे ठिपके स्नॅपसीड ॲपमधल्या ‘हीलिंग’नं पुसा. रंग गडद करायची पट्टी वाढवू नका, चांदी निळी पडते.

याच मांडणीत नथ ठेवायची असेल तर तिला उभं करायला मागच्या बाजूला मेणाचा ज्वारीएवढा गोळा लावा, मोत्यांना मेण लागू देऊ नका. नथीसाठी काळी पट्टी बोटभर रुंद पुरते. मनगटी घड्याळ असेल तर काट्यांवर काचेची चमक येईल. तेव्हा घड्याळ किंचित पुढे झुकवा आणि काच भोकाच्या कार्डाकडून काळ्या पट्टीकडे वळेल इतकं फिरवा. पितळी निरांजनाला चांदीपेक्षा जास्त पांढरं मानवतं. काळी पट्टी काढून टाका, आणि व्हाइट बॅलन्स मात्र आहे तोच ठेवा, नाहीतर पितळेचा सोनेरी रंग कॅमेरा ‘सुधारून’ टाकेल.